६० फुटांची बाजू

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

विद्यापीठातल्या खेळाडूंच्या अभ्यासकेंद्रात गणित शिकवायला लागून मला या महिन्यात अकरा वर्षे झाली. दर वर्षी याच सुमारास फुटबॉल संघात नव्याने आलेली मुले पहिल्यांदा दार ढकलून आत येतात आणि आपण कुठे बसायचे हे कुणीतरी सांगावे, असा भाव त्या धिप्पाड मुलांच्या चेहऱ्यावर असतो. फुटबॉल म्हणजे इथला, अमेरिकेतला, हाताने फेकायचा आणि अंगावर घ्यायचा. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाहत मी लहानाची मोठी झाले, तो नव्हे. इथला फुटबॉल कळायला मला तीन हंगाम लागले, आणि मुलांनीच मला तो शिकवला.

या वर्षी माझ्याकडे आलेला मुलगा जॉर्जिया राज्याच्या दक्षिण भागातल्या एका लहान गावचा आहे. इथपर्यंत गाडीने यायला त्याच्या आईवडिलांना चौदा तास लागले. तो सेफ्टी आहे, म्हणजे बचावफळीत सर्वांत मागे उभा राहणारा खेळाडू, ज्याच्या पाठीमागे दुसरे कुणीच नसते. शाळेत तो सेफ्टीही होता, चेंडू घेऊन पळणाराही होता आणि किक परत आणणाराही होता. मैदानाबाहेर यायचे ते पाणी प्यायलाच. आज तो सरावावरून थेट आला, तेव्हा त्याच्या खांद्यावर प्लॅस्टिकच्या पट्ट्याने गुंडाळलेली बर्फाची पिशवी होती आणि तिचे पाणी कोपरावरून ओघळून वहीच्या कडेवर ठिबकत होते. दुखते आहे का, असे मी विचारले, तर "नो मॅम" म्हणाला. त्याचे प्रत्येक उत्तर 'मॅम'वर संपते आणि दुखण्याबद्दलचे प्रत्येक उत्तर 'नो'ने सुरू होते.

या 'नो'ची मला फार काळजी वाटते. मेरीलंड विद्यापीठाचा जॉर्डन मॅकनेअर हा १९ वर्षांचा मुलगा २०१८ च्या २९ मे रोजी व्यायामाच्या सत्रात उष्माघाताने कोसळला आणि १३ जूनला गेला. त्यानंतर इथल्या प्रत्येक संघात उन्हाविषयीचे बोलणे बदललेले मी पाहिले आहे. दिवसातून दोनदा सराव घेण्याची जुनी पद्धत त्याच्या आदल्याच वर्षी, २०१७ मध्ये, बंद झाली होती आणि आता पहिले दोन दिवस मुले फक्त हेल्मेट घालून उतरतात, पॅड टप्प्याटप्प्याने चढतात. हे सगळे योग्यच आहे. परंतु सुरुवातीच्या दिवसांत आपले नाव व्हावे म्हणून जो मुलगा तहानही लपवतो, त्याला थांबवणारा नियम कागदावर लिहून भागत नाही. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या चौथ्या वर्षाच्या मुलाने त्याला हाताला धरून सावलीत न्यावे लागते.

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार

पहिल्या चाचणीत त्याला १०० पैकी ४७ गुण मिळाले. उत्तरपत्रिका त्याने घडी करून, आणखी घडी करून, पेटीत ठेवायच्या चिठ्ठीएवढी केली होती. पहाटे साडेपाचला वेट रूम, मग वर्ग, दुपारी बैठका, त्यानंतर सराव, रात्री स्टडी हॉल, आणि झोपण्यापूर्वी आयपॅडवर फिल्म, म्हणजे सामन्यांची आणि सरावाची चित्रफीत. हंगामात संघाने खेळाडूचे दिवसाला ४ आणि आठवड्याला २० तासच घ्यावेत असा एनसीएएचा, म्हणजे महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेचा, नियम आहे, पण सामन्याचा अख्खा दिवस त्या हिशेबात ३ तासांचा धरला जातो, आणि प्रवास व दुखापतीवरचे उपचार त्यात मोजलेच जात नाहीत. मी आकड्यांची शिक्षिका आहे आणि हा हिशेब मला कधीही मान्य झालेला नाही. अठरा वर्षांच्या मुलाला त्याच्या दमण्याचे कारण सांगता येत नाही, कारण कागदावर त्याच्याकडे भरपूर वेळ असतो.

तरीही आज आमचे खरे काम झाले, आणि ते त्या उत्तरपत्रिकेवर झाले नाही. त्रिकोणमितीचे गणित अडले म्हणून मी त्याला म्हटले, "तू मैदानावर काय करतोस ते काढून दाखव." त्याने आलेखाच्या कागदावर दोन उभ्या रेघा मारल्या, त्यांच्या आत टिंबांच्या दोन रांगा काढल्या आणि एकदम बोलू लागला.

मैदानाची रुंदी शाळेतही १६० फूट असते आणि इथेही १६० फूटच असते. त्यावर हॅश नावाच्या लहान खुणांच्या दोन रांगा असतात, आणि प्रत्येक डाव त्या दोन रांगांच्या मधून किंवा त्यांपैकी एका रांगेवरून सुरू होतो. त्याच्या शाळेच्या मैदानावर या रांगांनी रुंदीचे तीन सारखे भाग केलेले होते, प्रत्येक ५३ फूट ४ इंचांचा. महाविद्यालयीन मैदानावर त्या रांगा आत सरकतात, दोहोंत ४० फूट अंतर राहते आणि कडेपर्यंत दोन्हीकडे ६०-६० फूट उरतात. चेंडू हॅशवर असला की शाळेत अरुंद बाजू ५३ फूट ४ इंचांची आणि रुंद बाजू १०६ फूट ८ इंचांची व्हायची. इथे ती ६० आणि १०० होते. बाजूची रेघ ही बचावाची सोबतीण असते, कारण तिथे पोचलेल्या माणसाला पुढे जायला जागा उरत नाही. ती सोबतीण अरुंद बाजूला एका रात्रीत ६ फूट ८ इंच लांब जाऊन उभी राहिली होती.

मग आम्ही त्रिकोण मांडला. सेफ्टी चेंडूच्या १२ यार्ड मागे, म्हणजे ३६ फुटांवर उभा आहे आणि चेंडू घेतलेला माणूस अरुंद बाजूला सरळ कडेकडे पळतो आहे, असे धरले. कडेवर त्याला गाठायचे तर सेफ्टीला कर्ण पळावा लागतो. शाळेच्या मैदानावर तो सुमारे ६४ फूट येतो आणि इथे जवळजवळ ७० फूट. साडेपाच फुटांहून अधिक फरक, आणि त्या जादा जागेत समोरचा माणूस आत वळू शकतो, बाहेर जाऊ शकतो, थांबूही शकतो. त्याने कॅल्क्युलेटरवरचा आकडा दोनदा पाहिला. सरावात या बाजूला आपण पुन्हापुन्हा पुढे का निघून जातो हे त्याला गेला महिनाभर समजत नव्हते. प्रशिक्षक 'अँगल, अँगल' असे ओरडत होते आणि तो अधिक जोरात पळत होता. त्याचे पाय अजून गावच्या मैदानावरच पळत होते.

वर्गमूळ कशासाठी काढायचे असे त्याने आज विचारले नाही.

जाताना त्याने एक आठवण सांगितली. २०१८ च्या ८ जानेवारीला अटलांटात राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना झाला, तेव्हा तो दहा वर्षांचा होता आणि सगळे घर जॉर्जिया विद्यापीठाच्या बाजूने टीव्हीसमोर बसले होते. अलाबामाने मध्यांतरानंतर टुआ टागोवायलोआ या पहिल्या वर्षाच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे पास फेकणाऱ्या खेळाडूला, उतरवले. जादा वेळेत २६ यार्ड मिळवायचे असताना त्याने ४१ यार्डांचा पास फेकला, तो झेलणारा डेव्हॉन्टा स्मिथही पहिल्याच वर्षाचा होता, आणि जॉर्जिया २६-२३ असे हरले. "त्याने नजरेनेच आमच्या सेफ्टीला मध्ये अडकवले होते, मॅम. त्या रात्री मी त्या सेफ्टीवर खूप चिडलो होतो." मग तो जरा थांबून म्हणाला, "आता रोज फिल्ममध्ये तो सेफ्टी मीच असतो."

हा मुलगा हळू पळत नाही. स्टॉपवॉचवर तो कदाचित संघातल्या निम्म्या मुलांच्या पुढे असेल. परंतु समोरचा संघ हलू लागला की ही कोणती रचना, आपले काम कोणते, कुणाकडे पाहायचे, असे प्रश्न त्याला स्वतःला विचारावे लागतात, आणि तो उत्तर देईपर्यंत खेळ पुढे गेलेला असतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, पोरगा मंद आहे. पाढे पाठ नसलेल्या हुशार मुलाचे दीर्घ भागाकारात असेच होते. त्याची बुद्धी सात आठे किती यातच खर्च होऊन जाते. नव्या खेळाडूंविषयी लोक ताकद आणि वजन यांबद्दल फार बोलतात, आणि अठरा वर्षांच्या अंगावर तेवीस वर्षांचे अंग आदळते तेव्हा ताकद लागतेच. पण ताकद वेट रूममध्ये वाढते. डोक्यातले पायात उतरायला जो काळ लागतो, तो कुणाच्याही वेळापत्रकात लिहिलेला नसतो.

२१ ऑक्टोबर २०२५, मंगळवार

दिवाळीचा आठवडा म्हणून मी केंद्रात चकल्या नेल्या होत्या. लाइनमन, म्हणजे पुढच्या फळीतल्या दांडग्या मुलांनी पहिला डबा पाच मिनिटांत संपवला; दिवसभर खात राहणे हेही त्यांच्या नेमून दिलेल्या कामातच मोडते.

तो आज गप्प होता. त्याला रेडशर्ट करायचे ठरते आहे. म्हणजे वर्षभर सराव संघाबरोबर करायचा, पण खेळण्याचे वर्ष खर्ची पडू द्यायचे नाही. २०१८ पासूनच्या नियमाने चार सामन्यांपर्यंत उतरले तरी ते वर्ष वाचते. तो आतापर्यंत एकाच सामन्यात, तोही किकऑफच्या, म्हणजे खेळ सुरू करणाऱ्या किकच्या वेळी, धावला आहे. उरलेला वेळ तो स्काऊट टीममध्ये असतो. येत्या शनिवारी ज्यांच्याशी सामना आहे त्यांच्यासारखे खेळून आपल्या मुख्य संघाला सराव द्यायचा, हे या तुकडीचे काम. दर आठवड्याला तो कुणा परक्याचा नंबर अंगावर चढवतो, प्रशिक्षक एक कार्ड वर धरतात, त्यावर रेघाटलेली जागा तो पाहतो आणि तिथे जाऊन उभा राहतो. स्वतःच्या संघाचे प्लेबुक, म्हणजे डावांची वही, त्याने रात्री वाचायचे आणि दिवसा दुसऱ्याचे खेळायचे. हे शिकण्याच्या दृष्टीने किती कठीण आहे, ते मोठ्यांच्या ध्यानात येत नाही असे मला वाटते.

आमच्या पेठेतल्या तालमीत नवा मुलगा आला की पहिले काही महिने तो हौदातली माती उकरायचा आणि मोठ्या मल्लांना जोर करायला अंग द्यायचा. वडील म्हणायचे, माती अंगाला लागल्याशिवाय डाव कळत नाही. हे त्याला मी सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, "त्या मुलांची आई कुस्ती पाहायला यायची का, मॅम?" मला उत्तर सुचले नाही.

बाहेरच्या सामन्यांना सगळीच मुले नेत नाहीत. मागच्या खेपेला तो मागे राहिला आणि शुक्रवारची रात्र त्याने वसतिगृहाच्या खोलीत फोनवर आपल्या शाळेचा सामना पाहत काढली. शाळांचे सामने शुक्रवारी असतात. चार वर्षे शुक्रवारी रात्री सगळे गाव त्याच्या नावाने ओरडत होते. फोनवर त्याचा जुना नंबर दुसऱ्या मुलाच्या पाठीवर होता. हे सांगताना त्याने चकलीचा एक तुकडा बोटात धरून ठेवला होता आणि तो खाल्ला नाही.

वसतिगृहात सगळे जण जेरेमाया स्मिथचे नाव घेतात. ओहायो स्टेटच्या या मुलाने गेल्या हंगामात पहिल्याच वर्षी ७६ झेल घेतले, १३१५ यार्ड आणि १५ टचडाउन केले (टचडाउन म्हणजे चेंडू शेवटच्या रेघेपार नेणे), आणि २० जानेवारीला नोत्र दामविरुद्ध अंतिम सामना शेवटाकडे आला असताना ५६ यार्डांचा झेल घेऊन विजेतेपद पक्के केले. असे मूल एका पिढीत एखादेच निपजते, आणि नेमके तेच इतर सर्वांचे माप होऊन बसते. १९७२ पूर्वी सर्वसाधारणपणे पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळताच येत नसे. त्यांचा वेगळा संघ असे. त्या काळाकडे परत जावे असे मी म्हणणार नाही. पण तेव्हा बाकावर बसलेल्या मुलाला आपण मागे पडलो असे वाटत नसे, कारण त्याच्या वयाचे सगळेच बाकावर असत. आता ट्रान्स्फर पोर्टलमुळे, म्हणजे खेळाडूंना विद्यापीठ बदलता येते त्या व्यवस्थेमुळे, दर हिवाळ्यात दुसऱ्या विद्यापीठांतून तयार, वयाने मोठे खेळाडू येतात आणि वाट पाहणाऱ्याची जागा आणखी मागे सरकते. मग वाट पाहणाराही निघून जातो. त्याच्याबरोबर आलेल्या दोघांचे जाण्याचे बोलणे आतापासून चालू आहे. त्याने राहावे असे मला मनापासून वाटते. ते मी त्याला सांगितले नाही, कारण तो निर्णय माझा नाही.

दुसऱ्या चाचणीत त्याला ७१ गुण मिळाले. ही उत्तरपत्रिका त्याने घडी न करता ठेवली.

१५ नोव्हेंबर २०२५, शनिवार

आज घरचा सामना होता, थंडी बोचरी होती आणि चौथ्या क्वार्टरपर्यंत आम्ही चार टचडाउनने पुढे होतो. उठावे का असे यजमान विचारत होते, तेवढ्यात तो धावत मैदानात आला. सात मिनिटे उरली होती. वरच्या रांगेतून मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण खांद्याला चोळणारा हात ओळखू आला.

पहिल्या तीन डावांत त्याच्याकडे काही आले नाही. चौथ्या डावाला चेंडू आमच्या बाजूच्या हॅशवर होता आणि चेंडू घेतलेला मुलगा अरुंद बाजूला, कडेकडे, आमच्याच दिशेने सुटला. आमचा मुलगा निघाला. ऑगस्टमध्ये तो जिथे पोचला असता, तिथे आज गेला नाही. एक पाऊल त्याने आखडते घेतले, समोरचा आत वळायला बघत होता तेव्हा हा अजून त्याच्या आतल्या अंगाला होता, आणि दोघे रेघेच्या अलीकडे खाली आदळले. समोरच्याला सहा यार्ड मिळाले. ध्वनिक्षेपकावर निवेदकाने त्याचे आडनाव चुकीचे उच्चारले. आजूबाजूला फारसे कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण लोक गाड्यांकडे निघाले होते. मी उभी राहिले होते, हे मला यजमानांनी हात धरून खाली बसवले तेव्हा कळले.

रात्री साडेनऊला त्याचा निरोप आला. त्यात एवढेच होते: "मॅम, ६० फूट."

मी लिहिले की पाहिले, आणि सोमवारी येताना आलेखाचा कागद घेऊन ये, रुंद बाजूचा त्रिकोण अजून मांडायचा आहे.