कर्कच्या डोक्यावर ट्रिबल्स

रविवार, रात्री

दिवसभर पावसाची रिपरिप, त्यामुळे गंगापूर रोडला फिरायला जाणं रद्द. भाचीला 'स्टार ट्रेक' या अंतराळजहाजावरच्या जुन्या मालिकेचा १९६७ सालचा ट्रिबल्सवाला भाग दाखवला. "मामा, सेट पुठ्ठ्याचा वाटतोय," हे सुरुवातीलाच ऐकून घेतलं. मग मात्र ती अशी खिदळायला लागली की ताई हातात लाटणं घेऊन बघायला आली.

ट्रिबल म्हणजे हात, पाय, तोंड काही न दिसणारा केसाळ गोळा. खायचं आणि वीत राहायचं, दुसरा उद्योग नाही. जहाजाचा कॅप्टन कर्क धान्याच्या कोठाराचं झाकण उघडतो आणि धो धो ट्रिबल्स त्याच्या अंगावर! कॅप्टन छातीपर्यंत गाडलेला, वरून अजून एकेक टपकन डोक्यात पडतोय, आणि शेजारी त्याचा अधिकारी स्पॉक निर्विकारपणे ट्रिबल्सचा आकडा सांगतो: १७,७१,५६१. भाचीने लगेच मोबाइलवर पडताळून पाहिलं. सुरुवात एका ट्रिबलपासून, दर बारा तासांनी एक वेत, वेताला दहा पिल्लं, म्हणजे जुन्यासकट दर खेपेला अकरापट. तीन दिवसांत सहा खेपा. बरोब्बर! विनोदातही गणिताला सुट्टी नाही.

आणि कर्क कुठेही प्रेक्षकांकडे बघून डोळे मिचकावत नाही. तो खरोखर वैतागलेला असतो, म्हणून तर हसू येतं. त्याच ढिगातले ट्रिबल्स मेलेले निघतात आणि धान्यात विष कालवलंय हे उघडकीला येतं. म्हणजे गंमत वजा केली तर कथाच उरत नाही.

जहाजाचा इंजिनिअर स्कॉटी याची मारामारी तर माझी फार लाडकी. क्लिंगॉन, म्हणजे शत्रूकडचे परग्रहवासी, कर्कला शिव्या देतात, हा गप्प. जहाजाला कचरा म्हणतात, की ठोसा! नंतर ठोसा आपल्यासाठी नव्हता हे कळल्यावर कर्कचा पडलेला चेहरा बघावा.

हल्लीच्या काही मालिकांत सगळे अंधारात उभे राहून विश्वाच्या अंताबद्दल कुजबुजत असतात. मला ती माणसंच वाटत नाहीत. नाशकात गोदेला पूर येऊन पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला लागतं, तेव्हा पुलावरच्या गर्दीत काय कमी टवाळी चालते? भीती असतेच की तिथे.

शेवटी स्कॉटी सगळे ट्रिबल्स क्लिंगॉनांच्या जहाजावर धाडतो. "मग तिथे त्यांचं काय झालं?" भाचीचा प्रश्न. त्याचं उत्तर 'डीप स्पेस नाइन' या पुढच्या 'स्टार ट्रेक' मालिकेच्या १९९६ सालच्या भागात आहे: क्लिंगॉनांनी ट्रिबल्सविरुद्ध चक्क मोहीम काढली, आणि त्यातला क्लिंगॉन वॉर्फ ती हकिकत पानिपताच्या थाटात सांगतो. तो भाग उद्या, गृहपाठ झाला तर.