दाढी, मास्क आणि दोन मिनिटं

दोन वर्षं माझं घड्याळ व्हीओटू मॅक्स, म्हणजे जीव तोडून पळताना शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा, ५७ दाखवत होतं. तो अंदाज असतो, हृदयाचे ठोके आणि वेग यांच्यावरून बांधलेला. खरा आकडा हवा म्हणून पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत नाव नोंदवलं आणि शाळेपासूनच्या मित्रालाही ओढलं. मी हाफ मॅरेथॉनवाला, तो आठशे मीटरवाला. त्याच्या मते मी पळत नाही, वारीला निघतो.

तीन तास आधी काही खायचं नाही, चहा-कॉफी नाही, आदल्या दिवशी जोराचा व्यायाम नाही, एवढं सगळं कागदावर होतं. दाढीबद्दल अवाक्षर नव्हतं. श्वास मोजणारा मास्क चढला, ट्रेडमिलचा पट्टा सुरू झाला, दर मिनिटाला ताशी एक किलोमीटरने वेग वाढत गेला. मास्कमुळे बोलता येत नाही, म्हणून किती त्रास होतोय ते समोरच्या तक्त्यावर बोटाने दाखवायचं. मी जीव तोडून पळालो आणि आकडा आला ४४. टेक्निशियन मॅडमनी मास्कचं तोंड तळहाताने बंद केलं आणि म्हणाल्या, "दादा, फुंका." गालावर गार वारा लागला. श्वास दाढीतून निसटत होता. चाचणी रद्द, पैसे मात्र वसूल.

घरी येऊन दाढीमिशी दोन्ही उतरवल्या. सकाळी जिन्यात भेटलेल्या काकांनी हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक ना रे?"

चार दिवसांनी पुन्हा गेलो. या वेळी ६१ आले, म्हणजे किलोमागे मिनिटाला ६१ मिलिलिटर ऑक्सिजन. मित्राचे ५४. मी लगेच ताठ झालो. मॅडम म्हणाल्या, "खरी गंमत पुढच्या वेळी."

पुढच्या वेळी वेग हळूहळू वाढवायचा नव्हता. छातीला दोर बांधलेला, पट्टा आधीच ताशी २१ वर भिरभिरतोय, आपण दोन्ही पाय बाजूला ठेवून कठड्याला लटकलेले. तिथून थेट पट्ट्यावर उतरायचं आणि टिकेल तेवढं पळायचं. मित्रासाठी वेग २३. दोघंही दोन मिनिटांच्या आसपास संपलो. मी दोरालाच लोंबकळलो. तो जमिनीवर आडवा, आणि त्याच्या कानाच्या पाळीतून लॅक्टेट (जोराच्या व्यायामात स्नायूंत तयार होणारा पदार्थ) मोजायला रक्ताचा थेंब काढणं चाललेलं.

पळताना ऑक्सिजनचा वापर कसा चढत गेला, त्याचे आलेख पाहण्यात मात्र तासभर गेला. पाऊल पडताक्षणी स्नायूंना पूर्ण ऊर्जा लागते, पण ऑक्सिजन त्या क्षणी पुरत नाही, तो चढत चढत येतो. मधली तूट स्नायू स्वतःच्या साठ्यातून आणि लॅक्टेट तयार करणाऱ्या वाटेने भागवतात. माझी रेघ झपकन चढली. लांब पल्ल्याच्या सरावाने हे होतंच. पण ५४ च्या आसपास ती आडवी झाली. दम पूर्ण संपला होता आणि ६१ काही गाठले नव्हते! मित्राची रेघ रेंगाळत चढली, पण शेवटी ५२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ त्याच्या छतापर्यंत गेली. सुरुवातीची मोठी तूट त्याने उधारीवर काढली होती. लॅक्टेटचा आकडाही त्याचाच मोठा.

दोन माणसांच्या दोन रेघांवरून सिद्धांत मांडू नये, हे मलाही कळतं. पण आठशे मीटर म्हणजे निव्वळ दम रोखून मारलेली धाव, हा माझा समज त्या दिवशी मोडला. आठशेमधली सुमारे ६६ टक्के ऊर्जा ऑक्सिजनच्या वाटेने येते आणि चारशेमध्येही साधारण ४३ टक्के, असे आकडे सरावलेल्या धावपटूंवरच्या मोजमापांत मिळाले आहेत. मित्राला हे ऐकवलं तर म्हणाला, "म्हणजे मीही थोडा वारकरीच की!"

ही 'उधारी' काही माझी उपमा नव्हे. ए. व्ही. हिल आणि ल्युप्टन या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी १९२३ मध्ये ऑक्सिजनचं कर्ज असाच शब्द वापरला होता. हिल स्वतः पाठीवर सोडलेला श्वास गोळा करणारी पिशवी बांधून गवतावर गोल गोल पळायचे. एका नोबेलवाल्याने पिशवी बांधून पळायचं आणि मी दाढीवरून कुरकुरायचं, हे काही शोभत नाही.

आता शनिवारी मित्र मला ट्रॅकवर नेणार आहे. चारशे मीटर सहा वेळा, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. लोंबकळायला दोर मिळेल का, असं विचारलं तर नुसता हसला.