एकच घर, पण याद्या वेगळ्या

निवडणूक शाखेत आई, वडील, मुलगी, मुलगा असे चौघे एकदमच आले. विधान परिषदेच्या पुणे पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांच्या मतदार याद्यांचं काम सुरू होतं. अर्हता दिनांक, म्हणजे पात्रता ज्या तारखेला धरून मोजतात ती तारीख, १ नोव्हेंबर २०२५. वडील म्हणाले, "साहेब, २०२० ला मत दिलंय. नाव असेलच की."

नसतं. विधानसभेची यादी पुढे चालू राहते, ही मात्र दर निवडणुकीला कोरी करून नव्याने बनते. जुन्या मतदारानेही नमुना १८, म्हणजे पदवीधरांचा नोंदणी अर्ज, पुन्हा भरायचा. मतदार ओळखपत्र दाखवून इथे काही होत नाही.

खरी गाठ मुलीच्या अर्जात होती. पदवी अर्हता दिनांकाच्या किमान तीन वर्षं आधीची हवी, म्हणजे १ नोव्हेंबर २०२२ पूर्वीची. तिच्या पदवी प्रमाणपत्रावर दीक्षान्त समारंभाची तारीख होती, फेब्रुवारी २०२३. ऑपरेटरने अर्ज बाजूला काढला. पण मुदत मोजायची ती निकाल जाहीर झाल्यापासून. मी गुणपत्रिका मागितली: निकाल जुलै २०२२. पात्र. दर वेळी कितीतरी चांगले अर्ज या एका तारखेपायी अडतात, आणि गुणपत्रिका घरी कपाटात पडून असते.

मुलाचा एक विषय राहिला होता, त्याचा निकाल डिसेंबर २०२२ चा. महिन्याभराने हुकलं, तिथे इलाज नाही. नगरपालिका, जिल्हा परिषदेला मात्र त्याचं मत आहेच. तिथे वेगळी नोंदणी नसते, विधानसभेचीच यादी प्रभागनिहाय फोडतात.

आई हायस्कूलला शिकवतात. त्यांना नमुना १८ आणि शिक्षकांचा नमुना १९ असे दोन्ही दिले, कारण अट पूर्ण असेल तर दोन्ही मतदारसंघांत नाव लागतं. एकोणीसला मुख्याध्यापकांचा दाखला लागतो: गेल्या सहा वर्षांत एकूण तीन वर्षं माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत अध्यापन. पदवी माहेरच्या नावाची, म्हणून विवाह नोंदणी दाखल्याची प्रत जोडून घेतली.

वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक. "आयुष्यभर शिकवलं, आणि आम्ही शिक्षक नाही?" ते चिडले, आणि चिडायला जागा होतीच. कायद्याने प्राथमिक शाळा धरलीच नाही. ते फक्त पदवीधर मतदार. गंमत म्हणजे पदवीधरांच्या उमेदवाराला पदवीची अट नाही, वय तेवढं तीस पूर्ण हवं.

मुलगी शेजाऱ्यांचेही अर्ज घेऊन आली होती. ते परत दिले. घरच्यांचे अर्ज एकाने आणलेले चालतात, गठ्ठ्याने आणलेले नाहीत.