दारूखान्यात पात्याला पाणी

नाशिकहून पंचवटीने सीएसएमटी आणि तिथून हार्बरने रे रोड. लॉर्ड रे हा १८८५ ते १८९० या काळातला मुंबईचा गव्हर्नर, त्याच्या नावाचं हे स्टेशन १९१० सालचं. जुनी दगडी इमारत थांबून पाहावी अशी आहे. पण माझं काम पुढे होतं, दारूखान्यात.

दारूखाना म्हणजे जुनी जहाजं फोडायची जागा आणि तिला लागून लोखंडाची गोदामं. नांगराच्या साखळ्या, जाड प्लेटा, पाइपांचे ढीग आणि हवेत गॅस कटरचा वास. मला सुरीसाठी ट्रकच्या कमानीचा पाटा हवा होता. त्यात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के, म्हणजे पाणी धरण्यापुरता भरपूर. पाणी देणं म्हणजे लाल तापवलेलं पातं पाण्यात किंवा तेलात बुडवून कडक करणं. मात्र झिजलेला पाटा घेऊ नये. वर्षानुवर्षं लवून त्याच्या पोटात बारीक तडे गेलेले असतात, ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि नेमके पाणी देताना उघडे पडतात. कोऱ्या पाट्याचा कापलेला तुकडा मिळाला तर चार पैसे जास्त देऊन तोच घ्यावा. मला तसा मिळाला.

मामांची पत्र्याची शेड जवळच. मामा मूळचे बीडकडचे, घिसाडी. त्यांच्या लहानपणी सगळं घर भाता-ऐरण घेऊन गावोगाव फिरायचं. आता भात्याच्या जागी विजेचा ब्लोअर आहे, ऐरण मात्र वडिलांची.

"घण मारायला कुणीबी शिकतंय ताई," ते म्हणाले. "पाणी द्यायला नजर लागती."

ठोकण्याचं काम खरंच भराभर झालं. धार ठोकत गेलं की ती बाजू लांबते आणि पातं पाठीकडे वळतं, म्हणून मामांनी ते आधीच उलट्या बाजूला जरासं वाकवून घेतलं. आकार आल्यावर दर वेळी आधीपेक्षा कमी तापवून तीनदा नुसतं हवेत गार होऊ दिलं. हे का, ते त्यांनी तोडून दाखवलं. एक तुकडा पार पिवळा होईस्तोवर तापवून बुडवला आणि हातोडीने मोडला, तर आत खडीसाखरेसारखे चमचमते दाणे. बेताने तापवलेल्या तुकड्याचा मोड करडा आणि बारीक. दाणा मोठा झाला की पातं कडक होतं, पण टिकत नाही. तो पुन्हा बारीक व्हावा म्हणून ते तीनदा गार करणं.

मग मामांनी दारावर गोणपाट सोडलं. उन्हात रंग फसवतो. मी दोरीला बांधलेलं लोहचुंबक आणलं होतं. साधारण ७७० अंशांना लोखंड चुंबकाला सोडतं, पण तिथे थांबून चालत नाही, अजून थोडं वर जावं लागतं. मामा चुंबकाकडे बघतही नव्हते. त्यांनी मला पात्यावरची सावली दाखवली. डाळिंबी लाल पात्यावर एक काळपट पट्टा सरकत होता. पोलाद आतून बदलताना उष्णता गिळतं, तेवढा भाग क्षणभर मागे राहतो. सावली टोकापर्यंत जाऊन विरली आणि सगळं पातं एकसारखं उजळलं, तेव्हा ते म्हणाले, "आता!" पातं सरळ उभं कोमट तेलात. बाहेर काढल्यावर धारेवर कानस फिरवली, तर ती न चावता घसरली, म्हणजे धार कडक झाली.

कोयत्याला मामा तेल वापरत नाहीत. त्यांची रीत मला या सगळ्यात सुंदर वाटली. फक्त धारेची बाजू पाण्यात धरायची, काढून पटकन दगडाने घासून लख्ख करायची आणि बघत राहायचं. पाठीतली उष्णता धारेकडे परत येते आणि तिच्यासोबत रंग येतो. वाळल्या गवताचा पिवळा धारेला टेकला की लगेच सगळा कोयता बुडवायचा. उशीर केला तर जांभळा येतो, मग निळा, आणि धार मऊ पडते. कडक करणं आणि त्यातला ठिसूळपणा काढणं, दोन्ही एकाच तापात.

माझ्या सुरीचा ठिसूळपणा काढायला शेडमधलाच छोटा ओव्हन होता. २०० अंशांवर दोन तास, गार करून पुन्हा दोन तास. तेवढ्यात चहा झाला आणि मी मामांना हेलेनस स्कॉटची गोष्ट सांगितली. मुंबईतल्या या डॉक्टरने आपल्याकडच्या मुशीतल्या पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीच्या जोसेफ बँक्सकडे पाठवले होते. त्यांवरचा जॉर्ज पिअर्सनचा निबंध १७९५ सालचा, पुढे मायकेल फॅरडेनेही या पोलादावर प्रयोग केले. त्यात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास. तिकडचे लोहार सवयीने पांढऱ्या आचेवर ठोकायला गेले की ते फुटायचं, ते फक्त लाल आचेवर ठोकून घेतं. मामांना याचं मुळीच नवल वाटलं नाही. "जास्त तापवलं आसंल," एवढंच ते गोष्ट पुरी व्हायच्या आधी म्हणाले होते.

सुरीला बाभळीची मूठ बसवली आहे, घरी भाजीला रोज वापरते. पुढच्या खेपेला बेअरिंगच्या पोलादाचं पातं करायचं ठरलंय. तेल तेच चालेल, पण त्यातला कार्बन विरघळायला पातं आचेवर जास्त वेळ धरावं लागतं, आणि त्यासाठी मामांना कोळशाऐवजी गॅसची भट्टी लावायची आहे.