आमची वाटचाल : १०८ येईपर्यंतचे तास

आमच्या कामाची सुरुवात कारखाने, शाळा आणि ऑफिसांतल्या प्रथमोपचार वर्गांपासून झाली. त्या वर्गांचा पाया एकच: रुग्णाला सांभाळा, १०८ ला फोन करा, गाडी येईपर्यंत धीर धरा. राज्यात १०८ ची रुग्णवाहिका सेवा २०१४ साली सुरू झाली आणि डांबरी रस्त्यालगत हा हिशेब बऱ्यापैकी जमतो. हरिश्चंद्रगडावर तो जमत नाही. गडाच्या कोकणकड्यावर कुणाचा पाय मोडला तर गाडी फार तर पायथ्याच्या पाचनई गावापर्यंत येणार. एरवी दोन-अडीच तासांची ती उतरण रुग्णाला उचलून आणताना दुप्पट वेळ सहज खाते. नळीच्या वाटेत, म्हणजे गडावर चढणाऱ्या उभ्या घळीत, तर दोर लावल्याशिवाय रुग्ण हलतच नाही. मधल्या तासांत त्याचं काय करायचं, हे शहरी अभ्यासक्रमात नव्हतं. ट्रेक लीडरांसाठी वेगळा वर्ग काढला तो एवढ्यासाठी.

जगभर दुर्गम भागातल्या प्रथमोपचाराचा पायाभूत कोर्स साधारण सोळा तासांचा असतो. आम्हीही दोन दिवस घेतो, मधली रात्र धरून. हॉलमध्ये सपाट फरशीवर सगळ्यांना सगळं जमतं. म्हणून सराव पायथ्याच्या गावात, उतारावर आणि हेडटॉर्चच्या उजेडात. सहा जणांमागे एक प्रशिक्षक. शुल्क त्यामुळेच जास्त वाटतं. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानंतर ट्रेक आयोजकांना नोंदणी आली आणि ‘फक्त सर्टिफिकेट, एका दिवसात, ऑनलाइन’ अशी विचारणा वाढली. ते काम आम्ही घेत नाही. पट्टी बांधणं स्क्रीनवर बघून येत नाही.

अभ्यासक्रमात सर्वात जास्त वेळ जातो पायावर, कारण गडावर सर्वाधिक त्रास देतो तो मुरगळलेला किंवा मोडलेला घोटा. कॅरीमॅट (झोपायची फोमची चटई) दुमडून टाचेखालून इंग्रजी ‘यू’सारखी वर घ्यायची, दोन्ही बाजूंनी गुडघ्याखालपर्यंत, आणि त्रिकोणी पट्ट्यांनी तीन-चार ठिकाणी बांधायची, पण दुखऱ्या जागेवर गाठ नको. बुटाची लेस सैल करायची आणि बोटं तपासता येतील अशी सोय ठेवायची. बांधण्याआधी आणि नंतर तीन गोष्टी बघायच्या: बोटं हलतात का, स्पर्श कळतो का, आणि नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परततो का. घोळ होतो तो पुढे. बांधताना बरोबर असलेली पट्टी सूज वाढली की फास होते, म्हणून हीच तपासणी दर पंधरा मिनिटांनी पुन्हा. क्रेप बँडेज नेहमी बोटांकडून वर, प्रत्येक वेढा आधीच्या निम्म्यावर. वरून खाली बांधलं की पाऊल आणखी सुजतं.

उन्हाळी ट्रेक आणि ऑक्टोबरची उष्णता हा दुसरा मोठा भाग. ओआरएसचं साडेवीस ग्रॅमचं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. लीडर ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओततात, नाहीतर बाटलीत चिमूट टाकून उरलेलं जपून ठेवतात. दोन्ही चूक. २०० मिलीचं छोटं पाकीट वेगळं मिळतं, म्हणून आधी पाकिटावरचं वाचायचं. नुसतं पाणीच सतत पीत राहणाऱ्याच्या रक्तातलं सोडियम उतरतं आणि त्यालाही डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपण येतं; अशा वेळी किती प्यायला आणि लघवी किती वेळा झाली, हे विचारल्यावर उलगडा होतो. उन्हात चालताना माणूस असंबद्ध बोलू लागला, भलतीकडे चालू लागला, तर तो उष्माघात धरायचा. काखेतल्या थर्मामीटरवर विसंबायचं नाही. आधी थंड करायचं, मग हलवायचं: सावली, टाक्याचं पाणी अंगावर ओतत राहायचं आणि जोरात वारा घालायचा. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही आणि गुंगीतल्या माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही.

सापाच्या सत्रात शिकवण्यापेक्षा विसरायला लावणंच जास्त. चिरायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, साप पकडायला माणसं गुंतवायची नाहीत. अंगठी, घड्याळ, पैंजण काढायचे, तो अवयव मोडल्यासारखा स्थिर बांधायचा, रुग्णाला चालवायचं नाही आणि दवाखान्यात निघण्याआधी फोन करून विचारायचं: प्रतिविष आहे का, व्हेंटिलेटर आहे का? आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनतं. सह्याद्रीतल्या हिरव्या चापड्या सापाच्या विषावर त्याचा भरवसा नाही, तरीही दवाखाना टाळायचा नाही. लाल विंचवाचं निराळं: कोकणात त्यानं माणसं दगावत, तिथे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रुजवला. लीडरनं ओळखायचं ते दरदरून घाम, गार पडलेले हातपाय आणि उलट्या, आणि लगेच निघायचं.

आग्या मोहोळ उठलं तर आधी पळायचं, तोंड झाकून. काटे काढायचे सुरक्षित जागी, पण झटपट. नखानं की कार्डानं, यात वेळ घालवू नये. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास घरघरला तर लागतं ते अ‍ॅड्रेनलिन, आणि ते डॉक्टरांच्या चिठ्ठीचं औषध आहे. म्हणून बॅचमध्ये कुणाला आधी अशी अ‍ॅलर्जी झाली होती का आणि औषध सोबत आहे का, हे निघण्याआधीच्या अर्जात विचारायला आम्ही लावतो. आकाशातून पडणाऱ्या विजेबाबत एकच उलटा नियम: अनेकांना एकदम धक्का बसला तर कण्हणाऱ्यांकडे नंतर, निपचित पडलेल्यांकडे आधी. त्यांचा श्वास छातीदाबानं आणि तोंडानं फुंकून परत येऊ शकतो.

किट आम्ही विकत नाही, बांधायला शिकवतो. तयार डब्यात कापूस आणि अँटिसेप्टिकची बाटली हमखास. दोन्ही जखमेत नकोत. कापसाचे तंतू चिकटतात. बाटलीच्या झाकणाला भोक पाडून अर्धा ते एक लिटर पिण्याचं पाणी जोरानं मारलं की खरचटलेली जखम जास्त चांगली स्वच्छ होते. चिकटपट्टीचा गोंद मे महिन्यात वितळतो, गॉज जुलैत भिजतं, म्हणून सगळं झिपच्या पिशव्यांत. नोंदी पेन्सिलीनं, बॉलपेन ओल्या कागदावर चालत नाही. वेळ, नाडी, श्वास, शुद्ध: चार रकाने. रेंज नसेल तर त्याच कागदाची नक्कल देऊन दोघांना खाली पाठवायचं, एकट्याला नाही. जिथे फोन लागत नाही तिथे एसएमएस कधी कधी निघून जातो; त्यात जागा, माणसं, दुखापत आणि काय हवं, एवढंच लिहायचं.

अलीकडे आमचं लक्ष पायथ्याच्या गावांकडे वळलं आहे, कारण रुग्ण खाली आणतात ते तिथलेच लोक. स्ट्रेचरला एका वेळी सहा जण लागतात आणि लांब पल्ल्याला तीन तुकड्या. गडाच्या अरुंद वाटेवर सहा जण शेजारी-शेजारी मावतच नाहीत. तिथे बांबूला घोंगडी बांधलेली डोली उपयोगी: एक पुढे, एक मागे. पण डोलीत पाठ वाकते, तेव्हा उंचावरून पडलेल्याला, मानेत-पाठीत दुखणाऱ्याला ती चालत नाही. कुणाला डोलीत घ्यायचं आणि कुणासाठी स्ट्रेचरची वाट बघायची, हा निर्णय वाटाड्यांना करता यावा, यावर ते वर्ग बेतलेले आहेत. त्यांच्याकडून शुल्क घेत नाही. तो खर्च शहरातल्या बॅचवर धरलेला असतो. जुलैत लावणी, दिवाळीच्या सुमारास कापणी, शनिवार-रविवारी ट्रेकरांचं जेवणखाण. म्हणून वर्ग डिसेंबर-जानेवारीत, मंगळवार-बुधवारी.