सूचीत कऱ्हाड दोनदा

स्थानिक इतिहासाचं सुमारे ४०० पानांचं पुस्तक वर्ड प्रोसेसरमधून काढून लाटेकमध्ये (पुस्तकं जुळवायच्या प्रणालीत) आणलं. पहिली शब्दसूची निघाली आणि ‘कऱ्हाड’ दोन ठिकाणी आलं, पानांचे आकडे वेगवेगळे. कागदावर दोन्ही अगदी सारखे. अक्षरांचे युनिकोड संकेतांक (संगणक प्रत्येक अक्षर ज्या आकड्याने ओळखतो तो) पाहिले तर एकात ऱ (०९३१) आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र (०९३०), हलन्त आणि पुढे झेडडब्ल्यूजे (२००डी), म्हणजे अक्षरं कशी जोडायची हे सांगणारं न दिसणारं चिन्ह. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणारं युनिकोडचं नॉर्मलायझेशन चालवूनही हे दोन एक होत नाहीत. ‘ॲ’चंही तसंच: कुठे एकच अक्षर, कुठे अ आणि त्यावर चंद्र. सगळं पहिल्या रूपात आणायला चार ओळींची स्क्रिप्ट पुरली.

क्रमही चुकला होता. सूची लावणारा मेकइंडेक्स हा प्रोग्राम अक्षरांचे आकडेच (बाइट) पाहतो, त्यामुळे ळ हा ल नंतर आला आणि क्ष शिरला क मध्ये. आपल्या वर्णमालेत ह नंतर ळ, क्ष, ज्ञ. प्रत्येक नोंदीत @ च्या आधी क्रमासाठी वेगळी चावी घातली, तेव्हा सूची जुळली.

फाइल आणताना पॅनडॉक हा रूपांतर करणारा प्रोग्राम वापरला. तो फॉन्टचं नाव टाकून देतो. म्हणून जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टातला मजकूर (ज्यात रोमन अक्षरंच मराठी दिसतात) आधीच बदलून घ्यावा लागतो. नंतर कुठली रोमन अक्षरं मराठीची आणि कुठली खरंच इंग्रजीची, हे कळत नाही. अक्षर जाड आणि मोठं करून केलेली शीर्षकंही त्याला साधे परिच्छेदच वाटतात. स्टाइल लावायला डीटीपीच्या वर्गात पहिल्याच दिवशी शिकवायला हवं.

खरा घोटाळा मात्र त्याआधीच झाला होता. जुना फॉन्ट युनिकोडमध्ये बदलायला कुणीतरी वापरलेल्या कन्व्हर्टरने काही प्रकरणांतले झेडडब्ल्यूजे गाळले होते, त्यामुळे ‘ऱ्य’चा ‘र्य’ झाला. ‘डोंगरदर्या’ दिसलं की ‘डोंगरदऱ्या’ करता येतं. पण मठाच्या खर्चाच्या प्रकरणात ‘आचार्यांना शिधा दिला’ असं आहे. आचार्यांना की आचाऱ्यांना? शिधा दोघांनाही मिळू शकतो आणि दोन्ही शब्द शुद्ध, त्यामुळे शुद्धलेखन तपासनीस गप्पच बसतो. अशा ११ जागा सापडल्या. प्रत्येकीपुढे % लावून शंका लिहिली आहे. ती छापली जात नाही, फाइलीत मात्र राहते. लेखकांनी मूळ दफ्तर पुन्हा पाहीपर्यंत त्या ओळींना मी हात लावलेला नाही.