मोठी बँक संकटात जास्त कमावते का?

आर्थिक संकट आलं की मोठ्या बँका तरतात आणि छोट्या मरतात असं सरसकट बोललं जातं ना, ते मला अजिबात पटत नाही. 2008 चंच बघा. सिटीग्रुप आणि जेपी मॉर्गन, दोन्ही साधारण 2 लाख कोटी डॉलरच्या बँका, देश एकच, अमेरिका, वर्ष एक, आणि तरी जेपी मॉर्गनला 5.6 अब्ज डॉलर नफा आणि सिटीला 27 अब्जांहून जास्त तोटा! मग साईजने नक्की काय ठरवलं? सिटीच्या पोटात सबप्राईम घरकर्जांवर (म्हणजे फेडण्याची ऐपत कमी असलेल्यांना दिलेल्या कर्जांवर) उभे केलेले रोखे भरपूर होते, तिथेच सगळा खेळ झाला.

भांडवलाचं गणित तर अगदी साधं आहे. 100 च्या मालमत्तेमागे स्वतःचे 3 च असतील तर चांगल्या काळात शेअरहोल्डरला रिटर्न मस्त दिसतो, पण मालमत्ता 3 टक्क्यांनी जरी उतरली की भांडवल साफ, मग बँक केवढीही असो. ब्रिटनच्या आरबीएसचं (रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड) बघा, भांडवल तोकडं असताना 2007 मध्ये एबीएन ॲम्रो या डच बँकेची महागडी खरेदी केली आणि 2008 चा तोटा निघाला 24 अब्ज पौंडांचा.

छोट्यांचं दुखणं वेगळं. अमेरिकेत 2009 मध्ये 140 आणि 2010 मध्ये 157 बँका बंद पडल्या, त्यातल्या बहुतेक छोट्याच, कारण एकाच भागात आणि बिल्डर लोकांनाच कर्जं वाटलेली, तिथला बाजार पडला की दुसरीकडून भरून काढायला काहीच नाही. दुसरीकडून भरून काढायचा हा फायदा मोठ्यांना असतो, मान्य.

पण मोठ्यांचा खरा फायदा ताळेबंदात दिसतच नाही. सरकार हिला बुडू देणार नाही असं सगळ्यांनी धरलेलं असतं, म्हणून ऐन संकटातही तिला पैसा स्वस्तात मिळतो, छोटीला तोच जास्त व्याज देऊन आणावा लागतो. सिटीला 45 अब्ज डॉलर सरकारी भांडवल मिळालं, वर 300 अब्जांहून जास्त मालमत्तेवर हमी. म्हणजे संकटातला मोठ्या बँकेचा नफा बघताना त्यातला काही भाग करदात्यांचा आहे हे धरलंच पाहिजे, नाहीतर छोट्या बँकेशी तुलना करणं सरळसरळ अन्याय आहे.

आता जगातल्या सगळ्यात मोठ्या बँकांना साधारण 1 ते 3.5 टक्के जादा भांडवल ठेवावं लागतं, आणि त्याने आमचा नफा घटतो अशी त्यांची तक्रार असते. घटू दे की, सरकार बुडू देणार नाही या हमीची किंमत आहे ती, आणि मला तर तीही कमीच वाटते.